बारा व्होल्टचा टेकू

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळजी, कल्हईवाला, पेटीचे सूर लावणारा कारागीर अशी माणसं असणार. मी राहते फिनिक्समध्ये. इथे वस्तू बिघडली की ती रस्त्याकडेला ठेवून देतात आणि नवी आणतात. तरी दुरुस्तीवाचून जिचं पानही हलत नाही अशी एक मोठी वस्ती दर हिवाळ्यात आमच्या ॲरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला उभी राहते. चाकांवरच्या घरांची वस्ती. ती घरं जमिनीवर सरळ उभी ठेवणारे विजेचे जॅक आणि ते जॅक चालते ठेवणारी माणसं बघायला मी जानेवारीत क्वार्ट्झसाइटला गेले.

फिनिक्सहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या महामार्गावर, कॅलिफोर्नियाच्या हद्दीच्या तीसेक किलोमीटर अलीकडे हे गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की त्यातलेही पुष्कळ जण काढता पाय घेतात. थंडीत मात्र मिशिगन, मिनेसोटा, कॅनडा अशा बर्फाळ मुलखातून लोक आपापलं घर गाडीमागे ओढत इथे येतात. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं विस्तीर्ण सरकारी माळरान आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचं तर १८० डॉलर भरायचे, १४ दिवसांपुरतं राहायचं तर ४०. त्या पैशांत जमीन मिळते. घरापाशी विजेची तार नाही, नळ नाही, गटार नाही. ‘नोमॅडलँड’ हा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हा माळ ओळखीचा वाटेल.

माझ्या ओळखीचं एक मराठी जोडपं या माळावर उतरतं. मूळचे सांगलीचे, काकांची सारी नोकरी मिशिगनमध्ये मोटारींच्या कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आठ मीटर लांबीचा, वापरलेला ट्रेलर घेतला. मी पोचले तेव्हा काकू दारातूनच आत सांगत होत्या, “अहो, मोरीतलं पाणी परत कोपऱ्यात साठलंय. जाळीकडे जातच नाहीये.” काका बाहेर पुढच्या जॅकपाशी उकिडवे बसून बटण दाबत होते. जॅक कुंथत कुंथत बोटभर वर यायचा आणि थांबायचा.

“मोटर गेली,” काका मला म्हणाले. “नवा जॅक मागवून टाकतो झालं.”

बैल सोडल्यावर

अशा घरांच्या दोन जाती आहेत. एकीत इंजिन घरातच असतं, म्हणजे बसचंच घर केलेलं. दुसरी जात ट्रेलरची; त्याला इंजिन नाही, पिकअप ट्रकने ओढून न्यायचं. ट्रक सोडवला की ट्रेलरची गत बैल सोडलेल्या गाडीसारखी होते. पुढच्या दांडीला टेकू दिला नाही तर ती नाक घासत जमिनीवर जाते. हा टेकू म्हणजे टंग जॅक.

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर असतो. साडेतीन टनांचा ट्रेलर असेल तर साडेतीनशे ते सव्वापाचशे किलो. बाजारातला नेहमीचा विजेचा टंग जॅक ३,५०० पौंडांचा, म्हणजे जवळपास १,६०० किलो तोलणारा असतो आणि त्याची आतली नळी दीड फूट बाहेर येते. डोक्यावर १२ व्होल्टची मोटर. तिचा वेग कमी करून जोर वाढवणारे गिअर. गिअरला जोडलेला लांब आटेदार दांडा. आणि त्या दांड्यावर सरकणारा नट, जो आतल्या नळीला पक्का केलेला असतो. दांडा फिरला की नट सरकतो आणि नळी खाली-वर होते. एवढंच यंत्र.

त्यातली खरी खुबी आट्यांच्या चढात आहे. तो चढ इतका मंद ठेवतात की वरचा भार दांड्याला उलटा फिरवूच शकत नाही, घर्षण त्याला अडवतं. म्हणून वीज गेली तरी जॅक आपोआप खाली बसत नाही. पण या सुरक्षिततेची किंमत वीज मोजते. जो स्क्रू असा आपला आपण अडून राहतो, त्यात घातलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून जास्त घर्षणातच जाते. त्यामुळे एवढीशी मोटर पूर्ण भाराखाली २०-३० अँपिअर ओढते, आणि तिच्या तारेवर ३० अँपिअरचा फ्यूज असतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढची सगळी रडकथा याच्याशी बांधलेली आहे.

फ्रिजसाठी चाललेली खटपट

घर सपाट कशाला हवं? झोपताना डोकं खाली झालं तर रात्रभर अस्वस्थ वाटतं, दारं आपोआप उघडतात, भिंतीबाहेर सरकणारी खोली अडकते. ही कारणं कुणालाही सुचतील. पण इथला जुना माणूस पहिलं नाव फ्रिजचं घेतो.

ट्रेलरमधल्या पारंपरिक फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. १९२२ साली स्टॉकहोममधल्या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या बाल्ट्झर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी उष्णता देऊन थंडावा काढणारं यंत्र शोधलं. पुढे इलेक्ट्रोलक्स कंपनीने ते बाजारात आणलं. तत्त्व आजही तेच. खाली गॅसची बारीक ज्योत. तिच्यावर अमोनिया मिसळलेलं पाणी तापतं, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन द्रव होते, मग हायड्रोजन भरलेल्या नळीत पुन्हा वाफ होताना आतली उष्णता शोषून घेते आणि शेवटी पाण्यात विरघळून खाली परत येते. पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. परतीचा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर.

म्हणूनच कलंडलेल्या घरात हा फ्रिज आजारी पडतो. नळ्यांना बेताचाच उतार दिलेला असतो. घर तिरकं झालं की द्रव मध्येच तुंबतो. ज्योतीवरचा भाग कोरडा पडून प्रमाणाबाहेर तापतो. गंज लागू नये म्हणून आत सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, त्याचे खडे होऊन नळी चोंदते. एकदा चोंदली की चोंदली. साधारण नियम असा सांगतात की डावी-उजवीकडे तीन अंश आणि पुढे-मागे सहा अंश, यापलीकडे कल नको. गंमत म्हणजे रस्त्यावर धावताना चढ-उतार लागले तरी एवढं बिघडत नाही, कारण हिंदकळण्याने द्रव एका जागी साठून राहत नाही. उभ्या घराचा कल मात्र महिनोन्‌महिने तसाच राहतो. थंडावा देणारा तो नळ्यांचा संच बदलायचा तर हजार डॉलरच्या वर खर्च. नव्या ट्रेलरांत बॅटरीवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज येऊ लागले आहेत, त्यांना कलाचं एवढं वावडं नाही. तेव्हा जॅकवरचा फ्रिजचा धाक आणखी काही वर्षांचाच सोबती.

उचलणारा वेगळा, धरणारा वेगळा

ला पोसाची जमीन वरून टणक दिसते. खड्यांचा एकसलग थर, जणू कुणी फरसबंदी केली आहे. त्या खड्यांखाली मात्र पिठासारखी, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेली बारीक माती असते. जॅकचा तळवा वरचा थर फोडून हळूहळू आत रुतत जातो. आज सपाट लावलेलं घर चार दिवसांत कलंडतं ते असं. मुरलेले लोक प्रत्येक तळव्याखाली लाकडाची रुंद फळी घालतात. फळीने भार पसरतो, शिवाय जॅकला तेवढं कमी बाहेर यावं लागतं. दांडा जितका कमी बाहेर तितकं घर कमी डुलतं.

ट्रेलर लावायचा क्रम ठरलेला आहे. आधी डावी-उजवी बाजू. जे चाक खाली आहे त्याच्याखाली फळ्या घालून ट्रेलर त्यावर चढवायचा. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून अडसर लावायचा. त्यानंतरच ट्रक सोडायचा आणि टंग जॅकने पुढची बाजू खाली-वर करून पाणसळ लावायची. सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांवरचे जॅक उतरवायचे.

गल्लत होते ती या चार कोपऱ्यांत. साध्या ट्रेलरचे कोपऱ्यावरचे जॅक घर उचलण्यासाठी नसतातच. घर डुलू नये म्हणून जमिनीला टेकून धरायचं, एवढंच त्यांचं काम. टेकले की आणखी थोडं आवळायचं आणि थांबायचं. पण बटण हाताशी असलं की बोट थांबत नाही. एक कोपरा खाली वाटला की माणूस तोच जॅक दाबत राहतो. जॅक बिचारा उचलतोही. त्याच्या कात्रीसारख्या पट्ट्या वाकतात, आटे पिचतात, आणि एकच कोपरा वर गेल्याने अख्ख्या सांगाड्याला पीळ पडतो. दार घासायला लागतं ते तेव्हापासून. उचलण्यासाठीच बनवलेले दणकट जॅक असले तरीही ते जोडीने चालवायचे असतात, पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र, आणि चाकं जमिनीवरून सुटू द्यायची नसतात.

आणखी एक नियम, ज्यावर इथे कुणी विनोद करत नाही. जॅकवर उभ्या घराखाली शिरायचं नाही. खाली जायचंच असेल तर सांगाड्याखाली लोखंडी घोडे लावायचे.

तारेचा दोष, जॅकवर आळ

काकांनी नवा जॅक मागवण्याआधी काकूंनी फिरत्या दुरुस्तीवाल्या बाईंना निरोप पाठवला होता. साठीच्या आसपासच्या या बाई पूर्वी शाळेची बस चालवायच्या. टेक्सासमधल्या अथेन्स या गावी ट्रेलर दुरुस्तीची शाळा आहे. तिथे शिकून त्यांनी हा व्यवसाय धरला. स्वतःही ट्रेलरमध्येच राहतात आणि हंगामाप्रमाणे गिऱ्हाइकांमागे फिरतात.

त्या आल्या आणि पाना काढायच्या आधी त्यांनी काकांना बटण दाबायला लावून नुसतं ऐकलं. जॅकची नाडी आवाजात असते, असं त्यांचं म्हणणं. काहीच आवाज नाही, तर फ्यूज, बटण किंवा अर्थिंग. नुसता ‘टक्‌’, तर रिले काम करतोय पण वीज पुढे जात नाही. मोटर मोकळी गरगरते आणि नळी हलत नाही, तर गिअर किंवा त्यातली पिन तुटली. घुमतोय पण जागचा हलत नाही, तर कुठेतरी अडकलंय, नळी वाकलीय. आणि हळू चालून दम टाकतोय, जसा काकांचा, तर मोटरला पोटभर व्होल्ट मिळत नाहीत.

काकांनी मल्टिमीटर पुढे केला. “बॅटरी मी तपासली. चांगली १२.६ आहे.”

“काहीच चालू नसताना ना?” बाई म्हणाल्या.

इथेच सगळी गोम आहे. तारेचा एक जोड गंजला आणि त्याचा रोध अवघा ०.०५ ओहम झाला असं धरा. घरातला दिवा त्याच तारेवर लावला तर काहीही कळणार नाही, कारण दिव्याला अर्धा-पाऊण अँपिअर पुरतो. साध्या मल्टिमीटरवर एवढा रोध नीट मोजताही येत नाही. पण त्याच जोडातून जॅकचे ३० अँपिअर गेले की दीड व्होल्ट तिथेच गळतात, आणि ४५ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत पैदा होते. प्लॅस्टिक मऊ करायला तेवढी पुष्कळ झाली. प्लॅस्टिक मऊ झालं की जोड आणखी सैल, रोध आणखी जास्त. असे दोन-तीन जोड एकामागे एक असले की मोटरपर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. फ्यूज उडत नाही, म्हणून संशय येत नाही. जॅक नुसता मंदावतो, आणि मालकाला वाटतं मोटर म्हातारी झाली.

म्हणून बाई मोजतात ते मोटर चालू असताना. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी थेट जॅकच्या लोखंडी अंगावर. काकांनी बटण दाबलं. आकडा २.१ व्होल्ट. खरं तर इथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. मग धन बाजूला तसंच: बॅटरीचं टोक आणि जॅकमध्ये शिरणारी तार, यांच्यात ०.९. भाराखाली बॅटरी स्वतः १२.१ वर आली होती. वजाबाकी केली तर मोटरच्या वाट्याला जेमतेम ९ व्होल्ट.

मला हा हिशेब फार आवडला. अंदाज नाही, अनुभवाची मिजास नाही. विजेने कुठे किती टोल भरला याची सरळ पावती.

ऋण बाजूचे दोन व्होल्ट कुठे गेले ते बाईंना ठाऊकच होतं. टंग जॅकला बहुधा एकच तार येते, धन बाजूची. परतीची वाट त्याच्या लोखंडी अंगातून, तीन बोल्टमधून सांगाड्यात आणि तिथून बॅटरीकडे. पण सांगाड्यावर जाड रंग असतो, आणि रंग विजेला भिंत आहे. जॅक बसवताना बोल्टखाली दातेरी वायसर घालायचा असतो. त्याचे दात रंगात रुतून खालच्या लोखंडापर्यंत पोचतात. काकांच्या ट्रेलरला वायसर होता, पण त्याच्याभोवती मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ बसून गंजाची पापडी धरली होती. बर्फ वितळवण्यासाठी तिकडे रस्त्यांवर मीठ टाकतात. वाळवंटात गंज कुठून येतो याचं उत्तर ते: तो उत्तरेकडून गाडीखाली बसून येतो.

बाईंनी बोल्ट काढला, कानशीने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, नवा वायसर घातला. वर आणखी एक जाड तार जॅकच्या अंगापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली, म्हणजे पुढे रंग-गंजाचा प्रश्नच नको. सगळ्यावरून वीज न वाहणारं ग्रीस चोपडलं, पाणी शिरू नये म्हणून. धन बाजूला फ्यूजची काळी डबी एका अंगाने विरघळून तिरपी झालेली निघाली. तिच्यामागे सांगाड्यावर स्क्रूने लावलेला, काडेपेटीहून लहान असा आपोआप जुळणारा ब्रेकर असतो; त्याच्या उघड्या टोकांवर हिरवट बुरशी. दोन्ही बदलले. जोड दाबून बसवायचे, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड दिसला की बाई तो न विचारता कापून टाकतात.

मग पुन्हा मोजणी. ऋण बाजूला ०.१, धन बाजूला ०.२. जॅक एका दमात वर आला.

काकांनी एक गोष्ट आधी सांगितली नव्हती, ती आता निघाली. गेल्या हंगामात एकदा फ्यूज उडाला होता तेव्हा शेजाऱ्याच्या सल्ल्याने त्यांनी ४० अँपिअरचा घालून बघितला होता. बाईंनी तो डबीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. फ्यूज मोटरसाठी नसतो, तारेसाठी असतो. ३० च्या तारेवर ४० चा फ्यूज म्हणजे आगीच्या आधी कुणी ओरडणार नाही याची तजवीज. काकू मागून म्हणाल्या, “मी तेव्हाच म्हटलं होतं.” त्या खरंच म्हणाल्या होत्या का, हे मी विचारलं नाही.

सगळंच तारेवर मात्र निभावलं नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यातला जॅक खरोखरच कामातून गेला होता. काकांनी त्याच्याकडून कोपरा उचलून घेतला होता. पट्टी वाकलेली, स्क्रू त्या वाकाने घासून चकाकणारा. तो बदलण्यावाचून इलाज नव्हता.

कोरडं वंगण, ओलं वंगण

देखभालीबद्दल माळावर दोन पंथ आहेत, आणि दोन्ही अर्धे बरोबर. एक पंथ प्रत्येक हलत्या भागाला ग्रीस फासतो. दुसरा पंथ प्रत्येक गोष्टीवर सिलिकॉनचा फवारा मारतो.

बाहेर दिसणारी नळी कोरडीच हवी. तिच्यावर ग्रीस लावलं की इथली बारीक माती त्यात बसते, आणि नळी आत जाताना तो लगदा सीलला आणि पत्र्याला घासतो. नळी आत घेण्याआधी फडक्याने पुसायची, हवा असेल तर वाळून जाणारा फवारा मारायचा, बस्स. आतला आटेदार दांडा आणि गिअर यांना मात्र ग्रीसच लागतं, लिथियमचं. बाहेरून मारलेला फवारा तिथवर पोचत नाही. पोचलाच तर असलेलं ग्रीस धुऊन काढतो. आतलं ग्रीस बघायला वरचं डोकं उघडावं लागतं, म्हणजे तीन-चार स्क्रू. उत्पादकाने सीलबंद म्हटलं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये, पण जिथे उघडता येतं तिथे दोन-तीन वर्षांतून एकदा उघडावं, असं बाईंचं मत. डोक्यात पाणी शिरतं ते बटणांच्या फटीतून, आणि आतल्या बटणांवर गंज चढला की जॅक कधी चालतो, कधी रुसतो. वर एक जाड कापडी टोपी घातली तर हा त्रास निम्मा होतो. ती टोपी काही डॉलरना मिळते. ला पोसावरच्या बहुतेक जॅकांवर मी ती पाहिली नाही, उन्हात तडकलेली प्लॅस्टिकं मात्र बरीच पाहिली.

बॅटरीकडेही इथे दुर्लक्ष चालत नाही. विजेची जोडणी नसल्याने सगळा भार तिच्यावर आणि छतावरच्या सौरपट्ट्यांवर. जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो. गॅसची भट्टी पेटते आणि तिचा पंखा बॅटरीतून ७-८ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ जरी फिरला तरी ८० अँपिअर-अवरच्या बॅटरीतला जवळपास निम्मा साठा सकाळपर्यंत संपतो. आणि निघायची घाई असते ती नेमकी सकाळी. जॅक वर येत नाहीत अशी हाक बाईंना बहुधा सूर्य वर यायच्या आत येते. त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: ट्रक जोडा, इंजिन चालू ठेवा, चहा घ्या, मग बघू.

सपाट म्हणजे काय, ते यंत्राला सांगावं लागतं

काकांच्या शेजारचा ट्रेलर बराच मोठा आणि नवा होता. त्याला उचलणारेच जॅक आणि आत एक फलक. एक बटण दाबलं की चारही पाय आपले आपण हिशेब करून घर सपाट करतात. मालक खूष होते, फक्त टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा एका बाजूला घरंगळत जायचा. फलक म्हणत होता, सगळं सपाट आहे.

या यंत्रणेत तीन गोष्टी एकत्र काम करतात. सांगाड्याला बसवलेल्या डबीतला संवेदक कल मोजतो. प्रत्येक मोटरमध्ये चुंबक आणि हॉल संवेदक असतो. मोटरच्या फेऱ्यांचे ठोके मोजून कुठला पाय किती बाहेर आला ते तो सांगतो. आणि डबीतला संगणक कुठली जोडी किती चालवायची ते ठरवतो. व्होल्ट कमी असले तर तो कामालाच हात लावत नाही. ठोके आले नाहीत तर थांबतो आणि चूक दाखवतो. तेव्हा मोटर धडधाकट असून तिच्यापासून निघालेली केसासारखी बारीक तार तुटलेली असते. बिघडलेला पाय शोधायची युक्ती सोपी. शेजारच्या जॅकचं जोडपीन काढून याला लावून बघायचं. चूक जॅकबरोबर हलली तर जॅक दोषी. जागेवरच राहिली तर तार किंवा डबी. मोटरला बॅटरीतून थेट दोन तारा देऊनही कळतं. तारा उलट्या केल्या की ती उलटी फिरते.

पण सपाट म्हणजे काय हे या यंत्राला जन्मतः ठाऊक नसतं. कुणीतरी एकदा हाताने घर सपाट करून, ठराविक क्रमाने बटणं दाबून, ‘हे शून्य’ असं त्याला शिकवावं लागतं. बाईंनी पाणसळ टेबलावर ठेवली नाही, जमिनीवरही नाही. फ्रिज उघडून बर्फाच्या खणाच्या तळाशी ठेवली, कारण ज्याच्यासाठी हा खटाटोप त्यालाच विचारलेलं बरं. बुडबुडा एका कडेला. मग त्या खाली वाकल्या आणि डबी बोटाने हलवून दाखवली. तिचे दोन स्क्रू रस्त्याच्या हादऱ्यांनी ढिले झाले होते. डबी तिरकी, म्हणून घर तिरकं. स्क्रू आवळले, हाताने सपाट केलं, नवं शून्य शिकवलं.

मालकांकडे पाणसळ नव्हती. बटणाचं घर घेतल्यावर ती कशाला लागेल, असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यात त्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. विकताना कुणी सांगितलं नसणार.

एल्कहार्टचे कारखाने

उत्तर अमेरिकेत बनणाऱ्या अशा घरांपैकी पाचातली चार तरी इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांतून निघतात. थॉर, फॉरेस्ट रिव्हर अशा मोठ्या कंपन्या तिथे. सांगाडे, जॅक, सरकत्या खोल्या पुरवणारी लिपर्टही तिथलीच. कारखान्यांत आमिश पंथाची माणसं पुष्कळ आहेत. घरी सार्वजनिक तारेची वीज न घेणारी ही मंडळी दिवसभर बटणावर चालणारी घरं जोडतात.

करोनाच्या काळात विमानं आणि हॉटेलं नकोशी झाली, आणि २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांवर घरं बाहेर पडली. २०२३ मध्ये आकडा तीन लाख तेरा हजारांच्या आसपास आला. विक्री ओसरली तरी विकलेली घरं रस्त्यावर आहेतच, आणि आता त्यांचे जोड गंजायला लागले आहेत. दुरुस्ती करणारे मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. २०१९ च्या सुमारास एल्कहार्टमध्येही उद्योगाने तंत्रज्ञ घडवणारी संस्था काढली. दुकानात ट्रेलर टाकला तर तो आठवडेच्या आठवडे पडून राहतो अशी तक्रार ला पोसावर जागोजागी ऐकू येते. घरच दुकानात पडलं तर माणसाने राहायचं कुठे? फिरत्या तंत्रज्ञांचा धंदा चालतो तो यामुळे. शिवाय दुकानाला जॅक बदलणं परवडतं आणि जोड शोधणं परवडत नाही. बदलायला लागणारा वेळ आधी सांगता येतो, शोधायला लागणारा नाही.

हँडल कुठे आहे?

बिल करण्याआधी बाईंनी काकांना एक शेवटचं काम दिलं. वीज पार गेली असं समजून जॅक हाताने वर घ्यायचा. विजेच्या बहुतेक जॅकना ही सोय असते. मोटरच्या डोक्यावर रबरी टोपण, त्याखाली षटकोनी दांडा. त्यावर हँडल लावून फिरवायचं. बेताने चालवलेलं ड्रिलही चालतं, पण ठोके देणारं यंत्र लावलं तर आतले गिअर फुटतात. हाताने पूर्ण वर घ्यायला शे-दोनशे फेरे सहज लागतात.

हँडल कुठे आहे हा प्रश्न त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. काहींचं पलंगाखालच्या कप्प्यात असतं, आणि तो कप्पा सरकती खोली बाहेर काढल्याशिवाय उघडत नाही, आणि खोली विजेवर सरकते.

काकूंनी विचार न करता सांगितलं, “पाण्याच्या पाइपाच्या डब्यात, निळ्या पिशवीत.” हँडल तिथेच होतं, ट्रेलर घेतल्यापासून गुंडाळलेलं, कागदासकट. काकांनी टोपण काढून ते बसवायला घेतलं तर ते दांड्यावर गोल फिरायला लागलं. माप जमत नव्हतं. मूळचा जॅक आधीच्या मालकाने कधीतरी बदलला होता आणि हँडल जुन्याचंच राहिलं होतं. बाईंनी आपल्या पेटीतून मापाचं सॉकेट काढून दिलं आणि बिलाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली: सॉकेट, ९ डॉलर.